चाकावरचं बिऱ्हाड

आर.व्ही. म्हणजे नेमकं काय, हे आईला फोनवर समजावताना माझी चांगलीच दमछाक झाली. "म्हणजे बस का?" "नाही गं, बसमध्ये घर." "मग स्वयंपाकघर?" "आहे." "संडास?" "तोही आहे." यावर पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "आणि तो जातो कुठे?" एवढ्या थोडक्यात आर.व्ही.च्या मूळ प्रश्नाला हात घातलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. सत्तावीस वर्षं गणित शिकवल्याचा परिणाम असावा.

ही सगळी गोष्ट ऑक्टोबर २०२३ ची. आई तेव्हा सदुसष्ट वर्षांची, बाबा एकाहत्तरचे. बाबांची उभी नोकरी वीज मंडळात, त्यातली बहुतेक कोयनेला. रिटायर झाल्यावर दोघं साताऱ्यात स्थायिक. २०१८ साली बाबांची बायपास झाली, आणि तेव्हापासून "आता तिकडे येणं काही जमेल असं वाटत नाही" हे वाक्य दर फोनला ऐकायला मिळायचं. ते सप्टेंबरअखेर एकदाचे आले. मुलांच्या शाळा चालू, बायकोचं रिलीज तोंडावर, म्हणून असं ठरलं की मी एकट्यानेच एक आठवडा रजा काढायची आणि दोघांना युटाच्या वाळवंटात घेऊन जायचं. झायन, ब्राइस, आर्चेस. लास व्हेगासला विमानाने उतरायचं, तिथून पंचवीस फुटी आर.व्ही. भाड्याने घ्यायची.

हॉटेल का नाही? दोन कारणं. बाबांना दर दोन तासांनी चहा आणि आईला दर दोन तासांनी बाथरूम. (हे मी लिहिलंय हे तिला सांगू नका.) आणि तिसरं कारण तारखेचं, ते पुढे येईलच.

आता जरा यंत्राबद्दल, कारण मला त्यात रस आहे आणि बाबांना तर माझ्याहून जास्त. आर.व्ही.च्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक सिंकच्या आणि शॉवरच्या सांडपाण्याची, म्हणजे ग्रे, आणि एक 'त्याची', म्हणजे ब्लॅक. शिवाय गॅसची टाकी, बॅटरी, जनरेटर. चांगलं पाणी संपलं तर तुम्ही अडकलात, आणि ग्रे भरली तरीही अडकलात, कारण पाणी असून वापरता येत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. इनपुट कितीही असू दे, आउटपुट बफर भरला की सगळं ठप्प. टाक्यांची पातळी दाखवणारे दिवे असतात, पण त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. आमचा ब्लॅकचा दिवा रिकामी केल्यावरही ठामपणे 'दोन तृतीयांश' सांगत होता. बाबांनी पहिल्याच दिवशी मीटरचा नाद सोडला आणि एका वहीत नोंदी सुरू केल्या. सकाळी अंघोळी तीन, भांडी एक वेळ, अंदाजे इतके लिटर. लॉगशीटवर आयुष्य काढलेला माणूस.

टाकी रिकामी करायची जागा म्हणजे डम्प स्टेशन. जाडजूड पाइप जोडायचा, आधी ब्लॅकचा खटका ओढायचा, मग ग्रेचा, म्हणजे मागून आलेल्या साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. आई लांब पदर नाकाला लावून उभी. "आणि याच्यावर बसून मी देवाला नैवेद्य दाखवायचा?" मी म्हटलं, आपला साताऱ्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली दोन मजल्यांचे संडास आहेतच की. तिला हे पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. देव मायक्रोवेव्हच्या वर बसले. गाडी निघाली की त्यांना टॉवेलात गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवायचं असा क्रम ठरला.

झायनमध्ये मुख्य कॅन्यनच्या आत खासगी गाड्यांना सीझनमध्ये बंदी आहे, २००० सालापासून तिथे शटल बस चालते. ही मला अमेरिकेतल्या सर्वात शहाण्या गोष्टींपैकी एक वाटते. बसमध्ये बसायचं, वर मान करून बघत राहायचं, शेवटच्या थांब्याला उतरायचं. तिथून व्हर्जिन नदीच्या काठाने मैलभर सपाट रस्ता आहे, आणि तो संपतो तिथे पुढची वाट म्हणजे नदीच. हजारेक फूट उंच भिंती, मध्ये गुडघाभर पाणी, आणि त्या पाण्यातूनच चालायचं. नॅरोज म्हणतात त्याला. आम्ही दहा-पंधरा मिनिटंच गेलो असू. बाबांनी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आईचा पंजाबी ड्रेस आणि माझ्या बायकोचे जुने स्पोर्ट्स शूज, दोघांच्या हातात काठ्या. पाणी असलं गार की बोलती बंद. पाणी तोंडात जाऊ देऊ नका, त्यात विषारी शेवाळ असू शकतं, असं तिथे बजावलेलं होतं. आईने ओंजळ भरून घेतली होती ती तशीच सोडून दिली. नदी दिसली की आचमन करायचं ही सवय.

बाबा भिंतीला हात लावून उभे होते. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "हा दगड वाऱ्याने आणलाय." खरंच आहे ते. झायनच्या या भिंती म्हणजे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या आहेत, दगड झालेल्या. वाऱ्याने वाळू ज्या तिरक्या थरांत टाकली ते थर अजून जसेच्या तसे दिसतात. आमचा सह्याद्री याच्या अगदी उलट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेला लाव्हा, काळा, घट्ट, आडव्या पायऱ्यापायऱ्यांचा. कोयनेचं वीजगृह त्या काळ्या दगडाच्या पोटात आहे. बाबांची अर्धी नोकरी त्या दगडाच्या आत गेली, त्यामुळे दगडाला हात लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

त्यांना झायनमध्ये सर्वात जास्त काय आवडलं असेल तर बोगदा. १९३० साली पूर्ण झालेला, एक मैलाहून जरा लांब, डोंगराच्या कडेलगत आतून कोरलेला. मध्येमध्ये कड्याच्या बाजूला भल्यामोठ्या खिडक्या. खोदताना दगडाचा राडारोडा त्या खिडक्यांतून खाली ढकलून देत. तेव्हाच्या मोटारींच्या मापाचा बोगदा, त्यामुळे आर.व्ही. अगदी मध्यावरून न्यावी लागायची. आम्ही गेलो तेव्हा पंधरा डॉलर जास्तीचे घेऊन समोरची वाहतूक थांबवत आणि मग आपल्याला सोडत. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, बाबा खिडकीतून बाहेर डोकं काढायच्या बेतात, मागून आईचा रामरक्षेचा आवाज. बाहेर पडल्यावर बाबा म्हणाले, "पुन्हा एकदा जाऊ या का?"

नाही गेलो.

तर आता तारखेबद्दल. १४ ऑक्टोबर २०२३ ला कंकणाकृती सूर्यग्रहण होतं आणि त्याचा पट्टा बरोबर ब्राइस कॅन्यनवरून जात होता. मी सहा महिने आधी कॅम्पग्राउंडचं रिझर्वेशन मिळवलं होतं, वेबसाइट उघडायच्या क्षणी दोन लॅपटॉप आणि एक फोन घेऊन बसलो होतो. पण पंचांग बघायचं काही डोक्यात आलं नव्हतं. ते आईने बघितलं. तो दिवस होता सर्वपित्री अमावस्या, वर शनिवार.

म्हणजे सगळ्या पितरांचा स्वयंपाक, आणि त्याच सकाळी ग्रहण! आईने पुण्याला मावशीला फोन लावला. भारतात हे ग्रहण दिसणारच नव्हतं, त्यामुळे मावशीला काही पाळायचं नव्हतं. पण, "तुझ्या डोक्यावर दिसतंय ना? मग तुला पाळायला हवं," असा निकाल आला. ग्रहण नवाच्या सुमाराला लागणार, साडेदहाच्या सुमाराला कंकण, बाराच्या आसपास सुटणार. म्हणजे तोवर काही खायचं नाही, सुटल्यावर अंघोळ, मग स्वयंपाक, मग नैवेद्य. "बाबांच्या गोळ्या?" मी विचारलं. "आजारी माणसाला सूट असते," ती म्हणाली. बाबांनी लगेच सूट घेतली आणि बिस्किटंही घेतली.

इथे पुन्हा टाक्या आल्या. ब्राइसच्या आतल्या कॅम्पग्राउंडला ना विजेची जोडणी, ना पाण्याची, ना ड्रेनेजची. जनरेटरही ठरावीक वेळेतच लावायचा. तीन माणसांच्या सकाळच्या अंघोळी अधिक तीन ग्रहणानंतरच्या, असा हिशेब बाबांनी वहीत मांडला आणि ग्रे टाकी एक वाजता भरेल असं भाकीत केलं. मग तह झाला. सकाळी कुणीच अंघोळ करायची नाही, दुपारी प्रत्येकाला दोन मिनिटं, आणि साबण लावताना नळ बंद.

पण मी एक दिवस पुढे गेलो. आदल्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही ब्राइसमध्ये खाली उतरलो होतो.

ब्राइसला कॅन्यन म्हणतात पण ती खरी कॅन्यन नाही, कुठल्या नदीने ती कोरलेली नाही. पठाराची कड आहे, आणि पाणी, बर्फ आणि थंडी ती कुरतडत मागे मागे सरकवतात. वर्षातल्या दीडशेहून जास्त रात्री तिथे पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. फटीत शिरलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि दगड फोडतं, बस, एवढंच यंत्र. त्यातून हजारो सुळके तयार झालेत, नारिंगी, गुलाबी, पांढरे. पायूट लोकांच्या कथेत ही माणसं आहेत, वाईट वागली म्हणून कोल्ह्याने दगड केलेली. आणि ज्याच्या नावाने ही जागा ओळखली जाते तो एबेनेझर ब्राइस म्हणे एवढंच म्हणायचा की इथे गाय हरवली तर फार वाईट. मला हा माणूस फार आवडतो. इतकं सौंदर्य रोज परसात असेल तर माणूस गायीचाच विचार करणार.

सनराइज पॉइंटवरून उतरायचं आणि नवाहो लूपने वर यायचं, तीनेक मैल. उतरताना मजा आली. आई सुळक्यांना नावं ठेवत होती, हे विठोबा, या शाळेतल्या अमक्या बाई. चढताना मात्र तीव्र वळणावळणांची वाट आहे, आणि तिसऱ्या की चौथ्या वळणावर बाबा थांबले. नुसते थांबले नाहीत, दगडावर बसले आणि वर बघेनात. मी बोलायला गेलो तर हाताने 'थांब' केलं.

आई शांतपणे त्यांच्या शेजारी बसली, मनगट धरलं, घड्याळ बघून नाडी मोजली. मग म्हणाली, "अहो, हे पहिल्यांदा नाही ना?"

बराच वेळ उत्तर नाही. मग, "साताऱ्याला जिना चढताना दोनदा."

"कधी?"

"ऑगस्टात."

निघण्यापूर्वी स्ट्रेस टेस्ट केली होती, ती ठीक होती. डॉक्टरांना जिन्याबद्दल सांगितलंच नव्हतं, कारण सांगितलं असतं तर त्यांनी प्रवास रद्द केला असता. हे बाबांनी अगदी सरळ, तांत्रिक माहिती द्यावी तसं सांगितलं. मला त्या क्षणी इतका राग आला की मी चार पावलं खाली जाऊन उभा राहिलो. आई रागावली नाही. "आता दर वळणाला बसायचं," एवढंच म्हणाली. आणि ती पुढे झाली. एक वळण चढायचं, बसायचं, नाडी, दोन घोट पाणी, पुढचं वळण. वर यायला आम्हाला दीड तास लागला. आमच्या पुढून शाळेची पोरं पळत गेली, आणि एक माझ्या वयाची बाई थांबून "सगळं ठीक आहे ना?" विचारून गेली.

वर आल्यावर सिग्नल मिळाला तेव्हा साताऱ्याच्या डॉक्टरांना फोन लावला, तिकडे पहाट होती, तरी त्यांनी उचलला. त्यांनी चार-पाच प्रश्न विचारले. छातीत दुखलं का, घाम आला का, बसल्यावर किती वेळात बरं वाटलं. त्यांचं म्हणणं पडलं की आठ हजार फुटांवर हवेत ऑक्सिजन पाव हिश्श्याने कमी असतो, बायपास झालेल्या माणसाला चढ लागणारच. चढ बंद, आराम, बसून दुखलं तर तडक इमर्जन्सी, आणि घरी पोचल्यावर नीट तपासणी. मी तिथल्या तिथे जवळचं हॉस्पिटल किती मैलांवर आहे ते शोधून ठेवलं.

त्या रात्री झोप आली नाही. आर.व्ही.त मी ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यात झोपायचो, आई-बाबा मागच्या बेडवर. मध्ये एक पडदा. बाहेर शून्याखाली तापमान, हीटर मध्येच घरघरायचा आणि बंद व्हायचा. बंद झाला की पंचवीस फुटांत काहीही लपत नाही. माझ्या लहानपणी कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये मी आई-बाबांचं भांडण कधी ऐकलं नव्हतं. ते ऐकायला मला युटापर्यंत यावं लागलं.

भांडण जिन्यावरून सुरू झालं आणि एकदम १९८० वर गेलं.

१६ फेब्रुवारी १९८० ला भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं. बाबा मंडळातल्या तीन मित्रांबरोबर एस.टी.ने अंकोल्याला गेले आणि त्यांनी ते पाहिलं. ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय. भर दुपारी तारे कसे दिसले, पक्षी कसे गप्प झाले, चहावाल्याने शटर कसं ओढून घेतलं. ऐकली नव्हती ती दुसरी बाजू. आई तेव्हा गरोदर होती, मी पोटात. आजीने तिला माजघरात चटईवर झोपवलं होतं, दारं-खिडक्या लावून, फटींत कापड कोंबून. हलायचं नाही, कूस बदलायची नाही, काही चिरायचं नाही. "बी.एस्सी. झालेली बाई मी," आई हळू आवाजात म्हणत होती, "ग्रहण का होतं ते तुमच्यापेक्षा चांगलं सांगितलं असतं. तुम्ही आईंना एक शब्द बोलला नाहीत. एस.टी. पकडलीत. आणि आता जिन्याचंही तसंच, मला सांगायचं नाही, तुमचं तुम्ही ठरवायचं."

बाबा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, कारण हीटर सुरू झाला.

सकाळी दोघं नेहमीसारखी. चहा (बाबांनाच), शाली, टोप्या. कड्याच्या काठावर ही गर्दी. दुर्बिणी, कॅमेरे, घडीच्या खुर्च्या, कुत्री. मी ग्रहणाचे चष्मे आणले होते. मला वाटलं होतं आई गाडीत जप करत बसेल, कारण पाळायचं म्हटलं होतं ना. ती खाली उतरली ती हातात झाऱ्या घेऊन! बुंदी पाडायचा झाऱ्या. तो तिने साताऱ्याहून आणलाय हेच मला माहीत नव्हतं.

तिने पाठमोरं उभं राहून झाऱ्या उन्हात धरला, खाली बाबांच्या वहीचं कोरं पान. प्रत्येक भोकातून एकेक सूर्य पडला होता, आणि प्रत्येक सूर्याचा एक लचका तोडलेला. शेजारच्या कुटुंबातली दोन मुलं आली, मग चार. आईचं इंग्रजी शाळेतलं, पण शिक्षकाला भाषा लागत नाही. एक भोक म्हणजे एक कॅमेरा, हे तिने बोटांनी आणि कागद मागे-पुढे करून असं दाखवलं की मुलांचे आई-बापही झाऱ्याकडे रांग लावून उभे राहिले. एकाने विचारलं हे उपकरण कुठे मिळतं.

साडेदहाच्या सुमारास उजेड बदलला. खग्रासमध्ये होतो तसा अंधार होत नाही यात. ऊन राहतं, पण जीव गेलेलं, जस्ताच्या पत्र्यासारखं. सुळक्यांचा नारिंगी रंग उतरला. गार वारा सुटला. आणि मग चष्म्यातून ती पूर्ण बांगडी. लोक ओरडले, टाळ्या वाजल्या. मी आईकडे बघितलं तर ती चष्मा लावून वर बघत होती, तोंड किंचित उघडं, झाऱ्या हातात तसाच. खाली वहीवर तीस-चाळीस बारीक बांगड्या थरथरत होत्या. बाबा त्या मोजत होते.

"अंकोल्यापेक्षा चांगलं?" बाबांनी विचारलं.

"मला काय माहीत," आई वरून नजर न हटवता म्हणाली. "मी अंकोल्याला नव्हते."

बारानंतर अंघोळी तहाप्रमाणे झाल्या. मग आईने खीर केली आणि वडे तळायला घेतले, आणि धुराचा अलार्म जो काय ओरडायला लागला! त्या डबड्यात कढई तापली की अलार्म वाजणारच, खिडक्या उघडा नाहीतर काहीही करा. बाबा रोड अॅटलासने वारा घालत होते. नैवेद्याचं पान बाहेरच्या बाकावर मांडलं आणि मग खरा पेच आला. पार्कमध्ये प्राण्या-पक्ष्यांना खायला घालणं हा गुन्हा आहे. आणि सर्वपित्रीला कावळ्याने शिवलं नाही तर? ब्राइसमध्ये रेव्हन चिक्कार, आपल्या डोमकावळ्याचे थोरले भाऊ. मी आईला नियम सांगितला, दंड सांगितला. तिने नमस्कार केला आणि पान उचलायला वाकली, तेवढ्यात एक रेव्हन बाकावर उतरला, सावकाश एक वडा उचलला आणि गेला. आम्ही दिला नव्हता, त्याने घेतला. बाबांच्या मते हा कायद्यात बसतो. आईने विचारलं, "कोण असेल?" तर बाबा म्हणाले, "आईच असणार माझी. ग्रहण सुटेपर्यंत थांबली."

आई हसली त्यावर. आदल्या रात्रीचं तेवढ्याने मिटलं असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. आर.व्ही.त घट बसवणं शक्य नव्हतं, म्हणून नुसता दिवा, तोही बॅटरीचा. हायवे १२ ने निघालो. एस्कलांटे ते बोल्डर या गावांच्या मधला तो रस्ता एका ठिकाणी डोंगराच्या अरुंद कण्यावरून जातो, दोन्ही बाजूंना दरी आणि कठडा नाही. १९३० च्या दशकातही बोल्डरला टपाल खेचरांवरून जायचं, यात मला काही आश्चर्य वाटलं नाही. कॅपिटल रीफमध्ये मॉर्मन लोकांनी लावलेल्या बागा आहेत, तिथली सफरचंदं तोडून घेतली, मुक्काम केला, पुढे निघालो. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आर्चेसला उंची निम्म्यावर आली आणि बाबांचा चेहरा सुधारला. आर्चेसमध्ये दोन हजारांवर नैसर्गिक कमानी आहेत. जमिनीखाली मिठाचा जाड थर, तो दाबाखाली सरकला, वरचा वाळूचा दगड उभा चिरला, चिरांच्या मधल्या भिंती उरल्या, त्यांना भोकं पडली. अजून पडतायत, आणि कमानी कोसळतायतही. वॉल आर्च २००८ मध्ये एका रात्रीत पडली. वाटेच्या कडेची काळपट, खरबरीत माती दिसते ना, ती जिवंत असते, जिवाणू आणि शेवाळांनी बांधलेली, आणि तीच इथली वाळू धरून ठेवते. एक पाऊल पडलं तर भरून यायला कित्येक वर्षं जातात. आईने हे ऐकल्यापासून वाटेबाहेर पाय टाकणाऱ्या लोकांना मराठीत दटावायला सुरुवात केली.

एडवर्ड अॅबी इथे १९५० च्या दशकात रेंजर होता, त्याच्या 'डेझर्ट सॉलिटेअर' या १९६८ सालच्या पुस्तकात गाड्या घेऊन येणाऱ्या लोकांवर चिक्कार तोंडसुख आहे. लोकांनी गाडीतून उतरावं आणि चालावं, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. पण बायपासवाल्या माणसाला त्या वाळवंटाच्या दारापर्यंत आमची डबडी आर.व्ही.च घेऊन आली, त्याला मी काय करू?

डेलिकेट आर्च युटाच्या नंबरप्लेटवर असते. जाऊन-येऊन तीन मैल, चढ पाचशे फुटांच्या आसपास, बराचसा उघड्या खडकावरून, सावली नाही. पार्किंगमध्ये मी बूट बांधत होतो. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "मी नाही येत. तुम्ही दोघं जा. सामान बघतो." आई क्षणभर थांबली. वासोटा असो, जंगली जयगड असो, आमच्या लहानपणी दर ट्रेकला बाबा आम्हा पोरांना घेऊन वर जायचे आणि आई पायथ्याशी पिशव्या, पाण्याचा कॅन आणि कुणाचं तरी रडणारं पोर सांभाळत बसायची. कुणी तसं ठरवलं नव्हतं, तसंच व्हायचं. ती म्हणाली, "गोळी शर्टाच्या खिशात आहे. शेंगदाणे सगळे संपवू नका." आणि निघाली.

ती माझ्या पुढे चालत होती. खडकावर दगडांचे छोटे ढीग रचून वाट दाखवलेली असते, ते ती मोजत जात होती. दोनदा बसली, दोन्ही वेळा मला बसायला हवं होतं म्हणून. शेवटची दोनशे यार्ड कड्यात कोरलेली अरुंद वाट आहे, ती वळली की एकदम समोर कमान. खालून वर शेहेचाळीस फुटांची पोकळी, मागे बर्फ पडलेले किंवा न पडलेले ला साल डोंगर, ज्याच्या त्याच्या नशिबाप्रमाणे. आमच्या वेळी शिखरावर जरासा होता.

तिथे फोटोला रांग असते. आई रांगेत गेली नाही. उतारावर बसून राहिली, बूट काढून. मी विचारलं, फोटो? म्हणाली, "थांब जरा. चाळीस वर्षं वर काय असतं ते ऐकतेच आहे."

अर्ध्या तासाने आपणहोऊन उठली. खाली आलो तर बाबा तिथल्या जुन्या लाकडी झोपडीच्या सावलीत कोलोरॅडोच्या एका रिटायर्ड जोडप्याशी सेप्टिक टाक्यांवर बोलत बसले होते. शेंगदाणे संपलेले होते. "कसं होतं?" त्यांनी विचारलं. आईने सांगायला सुरुवात केली ती गाडी मोअॅब ओलांडून हायवेला लागली तरी चालूच होती, आणि बाबा मध्ये एकदाही बोलले नाहीत. हे मी प्रथमच पाहत होतो.

बाबांची तपासणी परतल्यावर झाली. एका ग्राफ्टमध्ये अडथळा निघाला, भारतात गेल्यावर, एप्रिल २०२४ मध्ये, स्टेंट घातला. आता ते अजिंक्यताऱ्याच्या डांबरी रस्त्याने निम्म्यापर्यंत जातात, आणि जिन्यात काही वाटलं तर आईला सांगतात. सांगतात असं आई म्हणते. आई वरपर्यंत जाते आणि येताना त्यांना गोळा करते.

मधल्या काळात आईने एका वहीत पुढची ग्रहणं उतरवून ठेवलीत. २ ऑगस्ट २०२७ चं खग्रास लक्सरवरून जातं, सहा मिनिटांहून जास्त. ऑगस्टात इजिप्तमध्ये पंचेचाळीस डिग्री असते असं मी फोनवर सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तुझे बाबा हॉटेलात बसतील. तू चष्मे बघ. झाऱ्या माझ्याकडे आहे."